इजिप्त : अवशेष आणि प्रवाळ एकाच सहलीत पाहावेत का?

प्रश्न – कल्याणकर

नमस्कार. येत्या नोव्हेंबरमध्ये अकरा दिवसांसाठी इजिप्तला जाण्याचे आम्ही ठरवले आहे. मी, पत्नी, चौदा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची आई असे चौघे आहोत. आईचे गुडघे दुखतात. सपाट जागी ती तासभर चालते, पण उंच पायऱ्या तिला झेपत नाहीत. शिवाय ती पूर्ण शाकाहारी आहे. मुलीने मालवणला पाण्याखालचे प्रवाळ पाहिले, तेव्हापासून तांबड्या समुद्राचा ध्यास घेतला आहे. मला स्वतःला मंदिरे, थडगी आणि शिलालेख यांची ओढ आहे आणि त्यासाठी मी गेले वर्षभर वाचन करत आहे.

ज्या सहल कंपन्यांकडे चौकशी केली, त्यांच्या आराखड्यात कैरो, मग नाईलवरील जहाजाचा प्रवास आणि शेवटी हुरघादा येथे एक दिवस समुद्र, असाच क्रम आहे. हा एक दिवस मुलीच्या समाधानासाठी जोडून दिल्यासारखा वाटतो. मंदिरांचे दिवस कमी करून समुद्राला तीन-चार दिवस देणे योग्य ठरेल का? आणि या दोन गोष्टी एकमेकींशी जोडता येतील, अशी एखादी वाट आहे का? आपण गेला असाल तर कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ – वाळूची_वाट

तुम्ही ज्यांना दोन वेगळ्या गोष्टी म्हणत आहात, त्या जोडणारी वाट चार हजार वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्यावरून आजही मोटारीने जाता येते. तीन वर्षांपूर्वी मी त्याच वाटेने गेलो आणि तेव्हापासून जो कोणी विचारील त्याला हेच सांगत आलो आहे की समुद्र शेवटचा एक दिवस म्हणून पाहू नका, नाईलकाठच्या लक्सर शहरातील मंदिरांचा पुढचा भाग म्हणून पाहा.

सुरुवात लक्सरच्या पश्चिम तीरावर देर अल-बहरी येथे करा. हात्शेप्सुत या राणीने, जिने फॅरो म्हणून इ.स.पू. पंधराव्या शतकात राज्य केले, तेथे कड्याच्या पायथ्याशी तीन मजल्यांचे मंदिर बांधले. बहुतेक गट अंगणात छायाचित्रे काढतात, वरच्या मजल्यावर फेरी मारतात आणि निघतात. तुम्ही मधल्या मजल्यावर डाव्या हाताच्या ओवरीत थांबा. राणीने आपल्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षी पुंत नावाच्या देशाकडे तांबड्या समुद्रातून जहाजे पाठवली होती आणि त्या मोहिमेची हकिगत तेथील भिंतीवर कोरलेली आहे. खांबांवर उभारलेली आणि शिडीने चढून जाण्याची पुंतमधील घरे, मुळांसकट टोपल्यांत घालून जहाजावर चढवली जाणारी सुगंधी राळेची झाडे, दोरखंड आणि वल्ही, सारे काही आहे. आपण मात्र जहाजांच्या खाली पाहायचे. तेथे पाण्याच्या नागमोडी रेषांत मासे कोरलेले आहेत, आणि ते इतक्या बारकाईने कोरले आहेत की त्यांतील अनेकांच्या जाती आजच्या मत्स्यतज्ज्ञांना ओळखता आल्या. शेवंड आहे, माकूळ आहे, कपाळावर शिंगासारखे टोक असलेला मासा आहे. कोरणाऱ्याने किंवा त्याला चित्रे पुरवणाऱ्याने हे जीव स्वतः पाहिले असले पाहिजेत, असे मला त्या भिंतीसमोर उभे असताना वाटले. मंदिर पूर्वाभिमुख असल्यामुळे सकाळी लवकर गेल्यास उजेडही चांगला मिळतो. मुलीला त्या माशांची चित्रे वहीत काढून घ्यायला सांगा, कारण तीन दिवसांनी त्यांपैकी काही तिला जिवंत दिसण्याचा पुरेपूर संभव आहे.

लक्सरहून थोडे उत्तरेला नाईलकाठी क़िफ़्त हे गाव आहे. तेथून पूर्वेकडे वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरील अल-क़ुसैर या बंदरापर्यंत सुमारे १८० किलोमीटरचा रस्ता जातो आणि तो वादी हम्मामात नावाच्या काळपट खडकांच्या खोऱ्यातून जातो. तेथे खाणकामासाठी आणि समुद्राकडे जाण्यासाठी आलेल्यांनी कड्यांवर शेकडो लेख कोरून ठेवले आहेत. इ.स.पू. २००० च्या सुमारास हेनू नावाचा अधिकारी तीन हजार माणसे घेऊन पुंतकडे जाण्यासाठी याच वाटेने गेला. वाटेत आपण विहिरी खणवल्या आणि प्रत्येक माणसाला रोज दोन घडे पाणी व वीस पाव दिले, असे त्याने येथेच कोरून ठेवले आहे. मला राजांच्या विजयांपेक्षा हा पाण्याचा हिशेब अधिक जवळचा वाटतो, कारण गाडीची काच खाली केली की दोन मिनिटांत घशाला कोरड पडते आणि दोन घडे म्हणजे काय हे कळते.

या रस्त्यावर तपासणी नाके आहेत, म्हणून पासपोर्ट हाताशी ठेवावेत आणि वादीत थांबायचे आहे हे गाडी ठरवतानाच सांगावे. आमच्या चालकाने ते आधी कळवले नव्हते आणि त्यामुळे एका नाक्यावर आमचा दीड तास गेला.

उत्तर २ – खारे_पाणी

वरील प्रतिसाद वाचून फार आनंद झाला. मी डायव्हिंग करते आणि तांबड्या समुद्रावर चार वेळा गेले आहे, म्हणून पाण्याच्या बाजूचे लिहिते.

मालवणला पाणी पुष्कळदा गढूळ असते, कारण आपल्या किनाऱ्यावर पावसाळी नद्यांचा गाळ येतो. तांबड्या समुद्राला बारमाही वाहणारी एकही नदी मिळत नाही आणि पाऊस जवळजवळ नसतोच. त्यामुळे पाणी नितळ राहते आणि बाष्पीभवनामुळे खारटपणाही वाढतो. महासागरात एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, येथे ते ४० ग्रॅमच्या आसपास असतात. शरीर सहज तरंगते, ही नवशिक्यांना मोठी मदत आहे. दुसरी सोय अशी की अल-क़ुसैर आणि त्याच्या दक्षिणेला मार्सा आलमपर्यंतच्या पट्ट्यात प्रवाळभित्ती किनाऱ्याला लागूनच आहे. अनेक हॉटेलांनी उथळ प्रवाळावरून लाकडी धक्के बांधले आहेत. धक्क्याच्या टोकाशी शिडीने उतरले की समोर प्रवाळाची उभी भिंत असते, त्यासाठी होडीने तासभर जावे लागत नाही. हुरघादाजवळच्या किनाऱ्याची हॉटेलांच्या भरावामुळे आणि गर्दीमुळे बरीच हानी झाली आहे, म्हणून तुमच्या मुलीसाठी मी दक्षिणेचाच किनारा निवडीन. मार्सा आलमच्या उत्तरेस अबू दब्बाब येथे समुद्रगवतावर चरणारी हिरवी कासवे दिसतात आणि नशीब असेल तर समुद्रगायही दिसते. तिच्यामागे पोहत जाऊ नये. श्वास घेण्यासाठी तिला वर यावेच लागते आणि माणसांचा घोळका पाहून ती बिचकते.

दिवसांचा क्रम काळजीपूर्वक लावा. हवेची टाकी लावून खोल उतरणार असाल, तर शेवटच्या बुडीनंतर विमानात बसण्यापूर्वी पूर्ण २४ तास जाऊ द्यावेत. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो आणि कमी दाबात तो बुडबुड्यांच्या रूपाने सुटला तर जिवावर बेतू शकते. लक्सरच्या गरम हवेच्या बलूनलाही हाच नियम लावा. म्हणून बलून आधी, समुद्र नंतर आणि उड्डाणापूर्वी एक दिवस मोकळा. केवळ पृष्ठभागावरून स्नॉर्केलिंग करणाऱ्यांना ही अडचण नाही.

आता मुलीसाठी एक कळकळीची विनंती. प्रवाळावर उभे राहू नये, त्याला हात लावू नये. दगडासारखे गोल वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. म्हणजे टाचेखाली मोडलेला वीतभर तुकडा त्या मुलीच्या वयाएवढा तरी असतो. उन्हापासून बचावासाठी मलमांऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा वापरावा. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही घरी आणू नये. प्रवाळ आणि शिंपले देशाबाहेर नेण्यास बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते. इजिप्तने प्राचीन वस्तूंच्या संरक्षणाचा कायदा आणि नैसर्गिक संरक्षित क्षेत्रांचा कायदा, हे दोन्ही एकाच वर्षी, १९८३ मध्ये केले. त्याच वर्षी सिनाईच्या टोकावरचे रास मोहम्मद संरक्षित क्षेत्र झाले. थडग्यातील रंगांना हात लावू नये हे आपल्याला सहज पटते, प्रवाळाच्या बाबतीत ते तितके सहज पटत नाही, याचे मला वाईट वाटते. उत्तर तांबड्या समुद्रातील प्रवाळ इतर ठिकाणच्या मानाने अधिक उष्णता सोसतात आणि पुढे जगभरचे प्रवाळ मरू लागले तरी येथील कदाचित टिकतील, अशी अनेक संशोधकांना आशा आहे.

उत्तर ३ – घाटमाथा

वरील दोघांशी सहमत आहे, पण आईंचा विचार मागे पडला आहे, म्हणून लिहितो. मी माझ्या वडिलांना, त्यांचे वय तेव्हा ७२ होते, घेऊन गेलो होतो.

लक्सरच्या राजांच्या दरीत, जेथे फॅरोंची थडगी आहेत, साध्या तिकिटावर तीन थडगी पाहता येतात. आईंसाठी चौथ्या रामसेसचे थडगे निवडा. तेथील उतार सौम्य आहे आणि छतावरील रंग सुंदर टिकले आहेत. मेरेनप्ताहच्या थडग्याचा उतार मात्र लांब आणि खोल आहे, तो त्यांनी टाळावा. प्रवेशद्वारापासून छोटी गाडी मिळते. देर अल-बहरीला पायऱ्यांऐवजी लांब उतरंड आहे, त्यामुळे मधल्या ओवरीपर्यंत त्या सावकाश येऊ शकतील. समुद्रावर त्यांच्यासाठी काचेच्या तळाची होडी मिळते का ते हॉटेलात विचारावे. माझ्या वडिलांना त्या होडीतून मासे दिसले तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

जेवणाची चिंता करू नका. सकाळी फूल म्हणजे शिजवलेले बाकला, त्याच कडधान्याचे तळलेले ताअमिया, आणि दुपारी कोशरी. कोशरीत भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, टोमॅटोचा आंबट रस्सा आणि वर कुरकुरीत कांदा असतो. आमच्या वडिलांनी तिला मिश्र खिचडी असे नाव दिले होते. सूप मात्र विचारूनच घ्यावे, कारण ते पुष्कळदा मांसाच्या पाण्यात केलेले असते.

माझा मतभेद एकाच बाबतीत आहे. समुद्राला चार दिवस द्यायचे तर काहीतरी सोडावे लागेल, आणि ते अबू सिंबेल असावे, असे सांगताना मला जड जाते. अस्वान धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून १९६४ ते १९६८ या काळात ते मंदिर कापून सुमारे ६५ मीटर उंच जागी पुन्हा उभारले गेले. ते पाहण्यासारखे आहेच. पण अस्वानहून जाऊन-येऊन जवळजवळ सात तास गाडीत बसणे आईंना सोसणार नाही. कैरोत गिझाजवळचे नवे भव्य संग्रहालय, जे नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुले झाले, तेथे तुतनखामेन या फॅरोच्या थडग्यातील संपूर्ण ठेवा एकत्र मांडला आहे. त्याला एक पूर्ण दिवस द्या.

प्रश्नकर्ता – कल्याणकर

तिन्ही प्रतिसादांसाठी मनापासून आभार. अबू सिंबेल सोडून कैरो तीन दिवस, लक्सर तीन दिवस आणि वादी हम्मामातमार्गे अल-क़ुसैर चार दिवस, असे ठरवत आहोत. अल-क़ुसैर गावात समुद्राखेरीज पाहण्यासारखे काय आहे?

उत्तर ४ – वाळूची_वाट

गावात सोळाव्या शतकातील उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांचा किल्ला आहे. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला होण्यापूर्वी मक्केला जाणारे यात्रेकरू येथून जहाजात बसत. १८०१ मध्ये इजिप्तमधील फ्रेंचांविरुद्ध लढण्यासाठी ब्रिटिश जनरल बेअर्डच्या हाताखाली हिंदुस्थानातून आलेली फौज याच बंदरावर उतरली आणि वाळवंट तुडवत नाईलकडे गेली. तिच्यात मुंबई इलाख्याचे शिपाई होते.

पण तुम्ही कल्याणचे आहात, म्हणून गावाच्या उत्तरेस आठ किलोमीटरवर अल-क़ुसैर अल-क़दीम येथे आवर्जून जा. हेच रोमन काळातील मायोस होर्मोस बंदर. येथून वर्षाला सुमारे १२० जहाजे हिंदुस्थानकडे निघत, असे प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने लिहिले आहे. खोदकामात येथे तमिळ-ब्राह्मी अक्षरे कोरलेली खापरे मिळाली. दक्षिणेकडच्या बेरेनिके या बंदरात तर एका मोठ्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. त्याच काळातील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या मार्गदर्शिकेत सोपारा आणि चौल यांच्यासोबत तुमच्या कल्याणचेही नाव आहे. जमिनीवर आता मातीचे उंचवटे, खापरांचे तुकडे आणि गाळाने भरलेले जुने बंदर, एवढेच दिसते. फलक किंवा तिकीट-खिडकी नाही, त्यामुळे संध्याकाळी ऊन उतरल्यावर जा आणि खाली पडलेले काहीही उचलू नका. त्या उंचवट्यांवरून समोरची प्रवाळभित्ती पाण्यात गडद पट्ट्यासारखी दिसते, आणि तिच्यातील जी फट तुम्हाला दिसेल तिच्यातूनच ती जहाजे बाहेर पडत असत.