अनुभव धागा: आपल्या पिल्लाला मुलं चिडवतात तेव्हा

लेक साडेपाच वर्षांचा. जूनमध्ये कळलं की त्याचा उजवा डोळा आळशी आहे. चष्मा लागला, शिवाय आळशी डोळ्याला काम पडावं म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पॅच. डॉक्टर म्हणाले, या वयात जितकं नेमाने कराल तितकी नजर सुधारेल, म्हणजे 'मोठा झाला की बघू' म्हणायची सोय नाही. सोसायटीतली मुलं त्याला 'एकडोळ्या' म्हणतात. लपाछपीत राज्य कायम त्याच्यावर, 'तुला तसंही दिसत नाही' म्हणून. तो मला काही बोलला नव्हता. शनिवारी केर काढताना सोफा सरकवला, तर खालच्या बाजूला ओळीने सहा पॅच चिकटवलेले. तिथेच फतकल मारून रडले.

तुमच्याकडे काय झालं, तुम्ही काय केलंत, लिहा. सल्ल्यांपेक्षा अनुभव हवेत.

* * *

आम्ही नागपूरहून पुण्यात आलो तेव्हा मुलगी पहिलीत होती. डब्यात सांबारवडी दिली. कुणीतरी विचारलं, तर ही म्हणाली, 'यात सांबार आहे.' आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर हो! पोरं इडलीचं सांबार शोधत बसली. मग 'मी येऊन राहिली'वरून रोजचा कोरस: बसून राहिली, झोपून राहिली, हागून राहिली. ती वर्गात बोलेनाशी झाली. ते एक वेळ सोसलं, पण एकदा भाजीवाल्यासमोर तिने माझा हात दाबला. 'आई, राहिली नको म्हणू नं.' त्या रात्री मला झोप नाही. बाईंना भेटले. त्यांनी कुणाला रागावलं नाही, प्रत्येकाला घरचा एक शब्द आणायला सांगितला. कोकणातल्या एका मुलाने 'खंय', म्हणजे कुठे, आणला, आमच्या बाईसाहेबांनी 'भेदरं', म्हणजे टोमॅटो. चिडवणं थांबलं असं नाही, पण आता तीही उलट चिडवते.

* * *

मी स्वतः अडखळत बोलायचो, त्यामुळे चार वर्षांचा मुलगा 'म-म-मला' म्हणाला की माझ्याच पोटात गोळा यायचा. दोन ते पाचच्या वयात बरीच मुलं अशी अडखळतात, बहुतेकांचं आपोआप सुटतं, हे स्पीच थेरपिस्टने सांगितलं तेव्हा जरा श्वास घेतला. दिवाळीत आजोळी मामे-मावस भावंडांनी नकला केल्या, मोठी माणसंही हसली. 'सावकाश बोल, नीट बोल' हे मी प्रेमाने म्हणायचो, तेही त्याला ओझंच होतं. आता वाक्य त्याचं त्याला पुरं करू देतो. हसणाऱ्या मोठ्यांना मात्र मी थेट सांगतो, वाईटपणा आला तरी.

* * *

माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे. चिडवणारा माझा होता. दुसऱ्या आईचा फोन आला, तुमचा मुलगा माझ्या मुलीला 'ढब्बू' म्हणतो. मी तोऱ्यात म्हटलं, मुलं आहेत, चालायचंच. रविवारी जेवताना नवऱ्याने माझ्या भावाला नेहमीप्रमाणे 'ये ढोल्या' म्हणून हाक मारली आणि मुलगा खिदळला. माझा घास तसाच राहिला. सोमवारी मीच फोन केला.

* * *

आमच्या काळी 'चिडका बिब्बा' सगळ्यांनाच म्हणत. कट्टी व्हायची, संध्याकाळपर्यंत बट्टी. पालकांनी मध्ये पडू नये.

(आजोबा, मान आहे तुमचा. पण बट्टी करायला समोरचा तयार लागतो. — धागाकर्ती)

* * *

बालवाडीत एकोणीस वर्षं आहे. आम्हाला 'त्रास देतात' एवढंच सांगू नका. नेमका शब्द, जागा, वेळ सांगा, आणि मूल शेजारी उभं असताना नको. घरी रोज 'आज कुणी चिडवलं का?' विचारलं की मूल एक तर गप्प होतं नाहीतर रोज काहीतरी शोधून आणतं. 'आज राज्य कुणावर होतं?' एवढं विचारा, बाकीचं आपसूक बाहेर येतं. मारहाण, धमकी असेल तर मात्र थांबू नका. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

* * *

धागाकर्ती परत. डॉक्टरांना विचारलं, पॅच खेळायच्या वेळीच कशाला? ते म्हणाले, दोन तास कुठलेही चालतील. आता शाळेतून आल्यावर घरीच लावतो, चित्रं रंगवतो. 'एकडोळ्या' अजून ऐकू येतं, पण काल राज्य दुसऱ्यावर होतं, ते मी मुद्दाम विचारलं. सोफ्याखालचा चिकटा तेवढा निघत नाहीये. खोबरेल सुचवू नका, लावून झालंय.