ब्रास म्हणजे फक्त मैदान नव्हे

‘चेंबर म्युझिक (मोजक्या वादकांनी छोट्या जागेत वाजवायचं पाश्चात्य संगीत) म्हणजे व्हायोलिन-चेलो, ब्रास (फुंकून वाजवायची पितळी वाद्यं) शोभतं मैदानावर, आणि आयरिश पोरांचं ब्रास क्विंटेट (पाच पितळी वाद्यांचा गट) म्हणजे नवं फॅड’ असं एक मत ऐकलं; त्याचा पहिला भाग समजू शकतो. इथे डब्लिनमध्ये पितळी वाद्यांशी ओळख होते ती क्रोक पार्क स्टेडियममधल्या मॅचआधी मैदानातून चालणाऱ्या आर्टेन बँडमुळे. कॉर्कचा बॅरॅक स्ट्रीट बँड तर १८३७चा. पण फॅड? रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या व्हिक्टर एवाल्डनं, पेशानं इंजिनिअर आणि वाजवायचा चेलो, ब्रास क्विंटेटसाठी रचना लिहिल्या त्या पहिल्या महायुद्धाच्या आधी.

मागे अशाच एका तरुण आयरिश गटाला दुसऱ्या रांगेतून ऐकलं. दोन ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्यूबा, कंडक्टर नाहीच. ट्यूबावाली मुलगी नाकानं श्वास खेचायची, की बाकीचे चौघे बरोबर त्याच क्षणी सुरू. इंग्लिश संगीतकार माल्कम आर्नल्डच्या १९६१च्या ब्रास क्विंटेट रचनेत एका जागी इतकं हळू वाजवलं, की शेजारच्या आजोबांनी गोळीचा कागद उलगडायचा थांबवला. मधेच हॉर्नवाल्यानं नळी काढून पाणी झटकलं. पुढची पोरं ‘ईऽऽ’ करून ओरडली, तर म्हणतो कसा, ‘थुंकी नाही रे, बहुतेक वाफेचं पाणी आहे!’