हॅलोजनच्या जागी एलईडी बसवल्यापासून दिवे लुकलुकतात

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे)
नमस्कार. आमच्या दिवाणखान्यात पीओपीच्या छतात दोन पिनांचे, 12 व्होल्टचे, प्रत्येकी 50 वॅटचे आठ हॅलोजन दिवे होते. उष्णतेने त्यांच्याभोवतीचा रंग तपकिरी पडला होता आणि उन्हाळ्यात वीजवापर 300 युनिटांच्या वर जाऊन चढा दर लागत असे, म्हणून त्याच मापाचे 6 वॅटचे एलईडी आणून मी स्वतः बसवले. आता तीन दिवे लुकलुकतात आणि एक तर लागतच नाही. आई संध्याकाळी त्याच उजेडात पोथी वाचते. तिचे डोळे दुखू लागले आहेत. दुकानदार दिवे बदलून देण्यास तयार आहे, पण दोष दिव्यांतच असेल का?

उत्तर (वाशी)
दोष बहुधा दिव्यांत नाही. प्रत्येक होल्डरच्या मागे एक लहान डबी असेल. वायरमन तिला सर्रास चोक म्हणतात, पण तो 230 व्होल्टचे 12 व्होल्ट करणारा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर असतो. मेन स्विच बंद करून ती बाहेर काढावी आणि तिच्यावरचा मजकूर वाचावा. ‘20-60 वॅट’ असे लिहिलेले असल्यास किमान 20 वॅटचा भार मिळाल्याशिवाय ती नीट चालणार नाही. तिच्यातील विद्युत आंदोलन (प्रवाहाचे वेगाने उलटसुलट होणे) भाराच्या, म्हणजे जोडलेल्या दिव्याच्या, प्रवाहावरच टिकते. 6 वॅटच्या दिव्याने ते तुटते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते, आणि आपल्याला दिवा लुकलुकताना दिसतो. चार दिवे सध्या ठीक वाटत असले तरी आठही डब्या काढून 12 व्होल्ट डीसी देणारे एलईडी ड्रायव्हर लावावेत. डबी काढून 230 व्होल्टची तार मात्र या दिव्याला थेट कधीही जोडू नये.

उत्तर (नेरूळ)
वरील उत्तराशी सहमत आहे. भिंतीवर हॅलोजनच्या काळातला डिमर (उजेड कमी-जास्त करणारे बटण) असेल तर तोही काढावा, कारण इतक्या कमी भारावर जुने डिमर बहुधा नीट चालत नाहीत. मातोश्रींच्या वाचनासाठी 3000 केल्विनचा पिवळसर प्रकाश आणि 90 किंवा त्याहून अधिक सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी निर्देशांक) असलेला दिवा घ्यावा. अक्षरे व रंग स्पष्ट दिसतात. खोक्यावर वॅटशेजारी हे आकडे छापलेले असतात, पण आपण ते सहसा वाचत नाही.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे मनापासून आभार. डबीवर ‘20-60 वॅट’ असेच लिहिलेले आहे आणि डिमर नाही. वायरमनकडून दोन ठिकाणी ड्रायव्हर लावून घेतले. ते दोन्ही दिवे आता स्थिर आहेत. हिशेबही करून पाहिला: रोज पाच तास धरले तर 400 वॅटऐवजी 48 वॅट, म्हणजे महिन्याला सुमारे 53 युनिटांची बचत. मात्र एका होल्डरजवळच्या तारेचे आवरण इतके कडक झाले होते की बोट लागताच त्याचा भुगा पडला. उरलेल्या सहा ठिकाणी ड्रायव्हरसोबत तारेचा तेवढा तुकडाही बदलून घेणार आहे.