मदत हवी आहे : गर्भावस्थेतील कीटकनाशकांचा संपर्क आणि मुलगे-मुलींवरील वेगवेगळे परिणाम

नमस्कार. निफाड-दिंडोरी भागातील द्राक्षबागांत काम करणाऱ्या गरोदर महिलांसाठी मी माहितीपत्रक तयार करत आहे. शेजारच्या ओळीत ब्लोअरने फवारणी चालू असताना या महिला ओल्या पानांखाली उघड्या हातांनी घडांची विरळणी करतात, हे पाहवत नाही.

जन्मापूर्वी क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाशी आलेल्या संपर्काचा स्मरणशक्तीवरील परिणाम मुलग्यांत अधिक असू शकतो, असे न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात वाचले. महाराष्ट्रात मुलगे व मुली यांच्या स्वतंत्र नोंदी ठेवून असे संशोधन झाले आहे का, हे जाणकारांनी कृपया कळवावे.

‘मुलग्याला धोका जास्त’ एवढेच वाक्य गावात पोहोचले, तर मुलींच्या आरोग्याकडे दुर्लक्ष होईल, अशी मला मनापासून भीती वाटते. तेव्हा हा मुद्दा कोणत्या शब्दांत मांडावा, हेही स्त्रीरोगतज्ज्ञांनी सुचवावे.