मुख्याध्यापकांनी वर्षातून दोन दिवस मकरपुऱ्यात काढावेत का?

मकरपुरा_मशीनशॉप
बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) माझं छोटं वर्कशॉप आहे, चार लेथ आणि एक मिलिंग. गेल्या महिन्यात बारावी सायन्स झालेला मुलगा कामाला आला. व्हर्निअर या मापनाच्या उपकरणाचं लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, तोंडपाठ, 0.02 मिमी. पण हातात दिल्यावर जॉबला, म्हणजे मोजायच्या तुकड्याला, त्याचे जबडे कसे लावायचे ते कळेना. दोष त्याचा नाही. आमच्या भागातले मुख्याध्यापक आणि आम्ही एकमेकांना ओळखतच नाही. आमची आठवण होते ती स्नेहसंमेलनाच्या वर्गणीपुरती. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशांकडे शिकावं असं म्हटलंय. मुलांना कुठे पाठवायचं हे ज्यानं ठरवायचं, त्यानं आधी ते कामाचं ठिकाण पाहायला नको?

निवृत्त_मुख्याध्यापिका
भाऊ, तळमळ पोचली, पण मागणी पटत नाही. आमच्याकडे एका कंपनीनं संगणक दिले, फोटो काढले, मोठी पाटी लावली. संगणक बिघडल्यावर कोणी फिरकलं नाही. दुसरे एक साहेब थेट विचारत होते, दहावीनंतर किती मुलं मिळतील? शाळा म्हणजे भरतीची रांग नव्हे. आठवीतल्या मुलीला आजूबाजूला रिफायनरी आणि रसायनांचे कारखाने दिसतात, म्हणून तिनं तेवढंच स्वप्न पाहायचं का?

दांडियाबाजारकर
बाई, हे बडोद्यात म्हणताय? सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं, प्रमुख नेमले रसायनाचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर. याच गज्जरांनी कोटीभास्कर आणि अमीन यांच्याबरोबर 1907 मध्ये अलेंबिक ही औषध कंपनी उभी केली. शिकवणारा माणूस इथे कारखान्यात पाय ठेवायला कधी कचरला नाही.

निवृत्त_मुख्याध्यापिका
आणि त्याच महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हेही सांगा ना. कलाभवन वेगळं, प्राथमिक शाळा वेगळी. त्यांनी गल्लत केली नाही, ती आपण करतोय.

मकरपुरा_मशीनशॉप
बाई, पाटीबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. पाटी लावणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. पण मी मुलं मागत नाहीये, मुख्याध्यापकांना बोलावतोय.

वाघोडिया_पाळीवाली_आई
मी पॅकिंगला आहे, नवरा फिटर. शिक्षण हक्क कायद्यानं शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, मीही आहे. बैठक सकाळी अकराला, माझी पाळी सातची. एकदाच गेले, अर्ध्या दिवसाचा पगार गेला. गावातल्या उद्योगांशी नातं जोडायचं म्हणता, मग सुरुवात मालकापासूनच का? आम्ही त्याच कारखान्यांत आहोत आणि आमचीच मुलं तुमच्या वर्गात.

निवृत्त_मुख्याध्यापिका
ताई, बैठकीची वेळ आम्हीच ठरवायचो. माझ्या शाळेतही अकराच होती आणि ती कोणाच्या पगारावर येते हे मी कधी विचारलं नाही. ती चूक माझी.

भाऊ, मकरपुऱ्यात येईन, आणखी दोघा मुख्याध्यापकांना घेऊन. फक्त केबिनमध्ये चहाला बसवू नका. पाळी सुटताना गेटवर उभं करा, मला पालकांशी बोलायचंय.