मदत हवी आहे: आठवीतल्या भाचीची स्कॉलरशिपची तयारी (इंदूर)

नमस्कार मंडळी, माझी भाची इथे इंदूरलाच सरकारी शाळेत आठवीत आहे, हिंदी मिडियम, घरी मराठी. तिला एनएमएमएस (केंद्र सरकारची आठवीतल्या मुलांसाठीची स्कॉलरशिप परीक्षा) द्यायचीये. मेरिटमध्ये आली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, ताईच्या घरात त्याने खरंच फरक पडेल. दोन पेपर, मॅट (बुद्धिमत्ता चाचणी) आणि सॅट (शाळेतले विषय), प्रत्येकी 90 प्रश्न नि 90 मिनिटं. सॅटचं तितकं टेन्शन नाही, शाळेतलाच अभ्यास. पण मॅट! 3, 7, 15, 31 पुढे काय विचारलं तर 63 बरोबर सांगते, पण प्रत्येक फरक वहीत मांडून, सावकाश, आणि आरशातल्या आकृत्या आल्या की पान उलटं धरून बघत बसते, मिनिटाला एक प्रश्न कसा व्हायचा?

खजुरी बाजारातून गाइड आणलं, त्यात उत्तरं आहेत, रीत नाही. क्लासवाले म्हणतात आत्तापासूनच जेईईचं फाउंडेशन घ्या, फी ऐकून ताई गप्पच झाली, आणि मला तर वाटतं या वयात गणित पक्कं होणं जास्त महत्त्वाचं.

तर ज्यांच्या मुलांनी ही परीक्षा दिलीये त्यांनी प्लीज सांगा, मॅटचा स्पीड कसा वाढवला? हिंदीतले जुने पेपर कोणाकडे आहेत का? लोकमान्यनगर, सुदामानगर, कुठूनही येऊन घेऊन जाईन, झेरॉक्स काढून परत देईन. आणि कॉलेजातलं कोणी रविवारी तासभर शिकवायला तयार असेल तर फार बरं होईल, योग्य ती फी देऊ.