१७८९ चा फ्रान्समधला उठाव: पाव महागला म्हणून, की तिजोरी आटली म्हणून?

तापीकाठ, रावेर
फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा विषय निघाला की आपल्याकडे तत्त्वज्ञांची नावं आणि राणीचे दागिने एवढंच बोललं जातं. माझ्या मते तो उठाव पिकाच्या हिशेबातून झाला, आणि तो हिशेब खान्देशातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला लगेच कळेल.

तिथलं धान्य तेव्हा साधारण पेऱ्याच्या पाचपट यायचं. १० पोती पेरली तर ५०. त्यातली १० बियाण्याला राखायची. चर्चचा दशमांश आणि सरदाराचा हिस्सा गावागणिक वेगळा असे. हिशेबापुरता दोन्ही मिळून पाचवा भाग धरू, म्हणजे १० पोती. घरात उरली ३०. आता पीक तिपटीवर आलं तर एकूण ३० पोती. बियाणं तेवढंच, १०. हिस्सा ६. उरली १४. पीक ४० टक्के घटलं, पण खायचं धान्य निम्म्याहून जास्त घटलं. वर राजाचा कर रोखीत, त्यामुळे सुगीत पडत्या भावाने विका आणि पुढे चढ्या भावाने तेच धान्य घ्या. बहुतेकांची जमीन इतकी थोडी होती, की वर्षातले कित्येक महिने शेतकरीच धान्याचं गिऱ्हाईक असे.

१३ जुलै १७८८ ला उत्तर फ्रान्समध्ये प्रचंड गारपीट झाली. पुढचा हिवाळा असा कडक पडला, की नद्या गोठून पाणचक्क्या बंद पडल्या. ज्यांच्याकडे धान्य होतं त्यांनाही पीठ मिळेना. पॅरिसमध्ये ४ पौंडी पाव, म्हणजे सुमारे २ किलोचा, एरवी ८-९ सू ला (सू हे तिथलं लहान नाणं) मिळे. फेब्रुवारी १७८९ मध्ये तो साडेचौदा सू झाला. मजुराची रोजी होती २० ते ३० सू. एका पावात निम्मी मजुरी संपायची, आणि मोठ्या घराला दिवसाला एक पाव पुरायचा नाही. पॅरिसचा बास्तीय हा तुरुंग-किल्ला पडला १४ जुलैला, भाव अगदी टोकाला असताना. जुनं धान्य संपलेलं, नवं अजून शेतात. आपल्याकडे आषाढात कणगी रिकामी असते, तसे ते दिवस होते.

पांझरा, धुळे
दादा, पोत्यांचा हिशेब मान्य, निष्कर्ष नाही. १७०९ चा हिवाळा याहून भयंकर होता, लाखो माणसं मेली, तरी चौदाव्या लुईचं सिंहासन हललं नाही. १७७५ मध्ये पॅरिसभोवती पिठासाठी दंगे पेटले. सैन्य उतरलं, दोघांना फाशी झाली आणि सगळं थंडावलं. उपासमार तीच होती. मग १७८९ मध्ये नवं काय होतं? रिकामी तिजोरी.

१७८८ चा ताळेबंद बघा. खर्च सुमारे ६२९ दशलक्ष लिव्र (तिथलं तेव्हाचं चलन), जमा ५०३. खर्चातले जवळजवळ ३१८ दशलक्ष नुसत्या कर्जाच्या फेडीत जात होते. दरबाराचा खर्च ६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दागिने विकूनही हे भोक बुजलं नसतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या मदतीला एक अब्जाहून जास्त लागले, आणि तेही बहुतेक कर्जाने, कारण सरदार आणि चर्च कर द्यायला तयार नव्हते.

कर्ज काढायची रीतही घातक होती. पैसे भरा आणि ठरवलेली व्यक्ती जिवंत असेपर्यंत दरसाल १० टक्के घ्या, वय काहीही असो. जिनिव्हाच्या सावकारांनी देवी येऊन गेलेल्या, धडधाकट ३० मुली निवडल्या आणि त्यांच्या आयुष्यावर हे रोखे घेतले. सरकार पन्नास-साठ वर्षं १० टक्के देत बसणार! असा करार कुठल्याही राज्याला बुडवतो.

पुढच्या पायऱ्या सरळ आहेत. ऑगस्ट १७८६ मध्ये अर्थमंत्री कॅलोनने राजाला तूट सांगितली. फेब्रुवारी १७८७ मध्ये बड्या लोकांची सभा बोलावली. त्यांनी सर्वांच्या जमिनीवरचा नवा कर नाकारला. पॅरिसच्या न्यायसभेनेही अडवलं. १६ ऑगस्ट १७८८ ला सरकारने देणी अंशतः थांबवली. त्याच महिन्यात १६१४ नंतर कधीच न भरलेली, पाद्री, सरदार आणि बाकी जनता अशा तिन्ही वर्गांची सभा बोलवायची तारीख द्यावी लागली. राजाने स्वतःच दार उघडलं, तेही पैशासाठी.

बोरीकाठ, अमळनेर
तुम्ही दोघंही कारागिराला विसरलात, आणि पॅरिसच्या रस्त्यावर उतरला तो कारागीर. १७८६ च्या इंग्लंडशी झालेल्या व्यापार करारानंतर तिथलं स्वस्त कापड आलं. रूआं, त्र्वा या गावांतले माग थांबले. पण सगळा दोष कराराला देऊ नका. पाव महागला की माणूस आधी कापड घ्यायचं सोडतो. म्हणजे पीक बुडालं की शेतकरी, विणकर आणि रंगारी तिघंही एकाच हंगामात रिकामे होतात, आणि ज्या महिन्यात पाव सगळ्यात महाग त्याच महिन्यात मजुरी सगळ्यात कमी. जुन्या अर्थव्यवस्थेतली ही गाठ समजल्याशिवाय एप्रिल १७८९ चा दंगा कळत नाही: मजुरी कमी व्हावी असं बोलल्याचा बोभाटा झाला आणि रेव्हेय्यों या भिंतीच्या कागदाच्या कारखानदाराचं घर जमावाने लुटलं.

जुलैत काय आधी जळलं तेही बघा. शहरात येणाऱ्या मालावर जकात घेणारी ५४ नाकी होती, त्यांतली ४० च्या आसपास जमावाने जाळली. मग सँ-लाझारच्या मठातलं धान्य गाड्यांत भरून बाजारात नेलं. बंदुका आणि दारूगोळा त्यानंतर. पांझरा, जमावाचा हा क्रम तुमच्या ताळेबंदात कुठे बसतो?

पांझरा, धुळे
ताई, जमाव का चिडला ते या क्रमातून कळतं. त्याला कोणी रोखलं का नाही, ते नाही कळत. पॅरिसमधल्या राजाच्या पलटणीतले शिपाईच जमावाला मिळाले.

एरंडोलकर
रोखण्यावरून आपलं इथलं उदाहरण देतो. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात कुणबी-पाटलांनी इंग्रजांच्या जमीनमोजणीविरुद्ध मोठे जमाव केले. सारा वाढेल ही भीती खरी होती, एकीही होती. फौज आली, पुढारी पकडले गेले, मोजणी चालू राहिली. कंपनीचा शिपाई पगारावर होता आणि वरच्या थरात कोणी फुटलेलं नव्हतं. म्हणून मी पांझरांच्या बाजूचा आहे.

तापीकाठ, रावेर
एरंडोलकर आप्पा, १८५२ ची तुलना अर्धीच लागू पडते, कारण फ्रान्समध्ये गावागावाला गाऱ्हाणी लिहून द्यायला सांगितलं होतं. १७८९ च्या वसंतात, पाव चढत असताना, हजारो वह्या भरल्या. त्यांत मिठाचा कर जागोजागी आहे. जड कराच्या प्रांतांत ८ वर्षांवरच्या प्रत्येकाला दरसाल ७ पौंड मीठ सक्तीने घ्यावं लागे, आणि तेच मीठ शेजारच्या ब्रिटनी प्रांतात विसाव्या हिश्श्याहून कमी भावात मिळे. तक्रारीत सरदाराची कबुतरंही होती: ती पेरलेलं टिपून खायची आणि मारायची मनाई. शिकारीचा हक्कही सरदाराचाच, मग रानडुक्कर शेतात घुसलं तरी बघत राहायचं.

तिजोरीने दार उघडलं असेल. पण जुलैच्या शेवटी गावकऱ्यांनी गढ्यांवर जाऊन हक्कांच्या नोंदवह्या जाळल्या, म्हणूनच ४ ऑगस्टच्या रात्री व्हर्सायला, राजवाड्याच्या गावी, बसलेल्या सभेच्या प्रतिनिधींनी सरंजामी हक्क सोडले. जूनअखेरपर्यंत तर त्यांचा वाद डोक्यागणिक मत की वर्गागणिक मत, यावरच चालला होता.

पांझरा, धुळे
तो वाद किरकोळ नव्हता. १७८१ च्या हुकमाने चार पिढ्यांचं सरदारपण दाखवल्याशिवाय सैन्यात अधिकारी होता येत नव्हतं. शिकलेला, पैसेवाला मध्यमवर्ग इथे अडला होता. वर्गागणिक मत घेतलं तर सरदार आणि पाद्री मिळून नेहमी दोनास एक. तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनी, म्हणजे बऱ्याचशा वकिलांनी, १७ जूनला स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवलं, तेव्हा कुठे गावच्या रागाला न्यायला जागा मिळाली.

बोरीकाठ, अमळनेर
जागा मिळाली, पण त्याच सभेने शेतकऱ्याला लगेच मोकळं केलं नाही. जमिनीवरची बहुतेक देणी विकत घेऊन सोडवायची असं ठरलं. १७९० मध्ये दर ठरला, रोखीच्या देण्याला वार्षिक रकमेच्या २० पट, धान्याच्या देण्याला २५ पट. शेतकऱ्यांनी ते भरायचं नाकारलं आणि दंगे चालू राहिले. भरपाईशिवाय हे हक्क पूर्ण रद्द झाले १७ जुलै १७९३ ला, राजाला जानेवारीत मारल्यानंतर. ही चार वर्षं गाव लढत राहिला, तिजोरीचा प्रश्न वकिलांच्या हातात गेल्यावरसुद्धा. पांझरा, याचं उत्तर द्या.